हिरव्या लुगड्याचं फोल्डर

माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान मेढ्यात एसटी स्टँडच्या मागं आहे, आणि मी तापट आहे हे सगळ्या जावळी तालुक्याला माहीत आहे. एकच काम कुणी तिसऱ्यांदा सांगितलं की माझं डोकं फिरतं. आधीच सांगून टाकते, कारण रमजानचाचांच्या बाबतीत जे झालं ते ह्या स्वभावापायी झालं.

रमजानचाचांचा फोटो स्टुडिओ बाजारपेठेत, सुलाबाईच्या पिठाच्या गिरणीला लागून. वय साठीच्या आसपास, अंगानं किरकोळ, दाढी मेंदीनं लाल केलेली. बोलणं इतकं हळू की शेजारी गिरणी चालू असली तर पुढं वाकून ऐकावं लागतं. लग्नं-बारशी ते काढायचेच, पण त्यांचं खरं नाव होतं मयताच्या फोटोसाठी. घरातलं माणूस गेलं की दहाव्याला फ्रेम लागते. आणि आमच्या डोंगरातल्या बायकांचे फोटो असतात कुठं? कुणाच्या तरी लग्नात मागच्या रांगेत अर्धा चेहरा, नाहीतर आधार कार्डावरचा काळपट ठसा. रक्षा सावडून झाली की लोक तसलं काहीतरी घेऊन चाचांकडं यायचे. चाचा त्यातून चेहरा उचलायचे, डाग काढायचे, मिटलेले डोळे उघडायचे आणि तो चेहरा कॉम्प्युटरवर एका तयार अंगावर बसवायचे.

पुरुषांना कोट आणि फेटा. बायकांना हिरवं नऊवारी लुगडं, डोक्यावरून पदर, गळ्यात डोरलं, मांडीवर एकावर एक ठेवलेले हात. बाई सवाष्ण गेली असेल तर डोरलं राहू द्यायचं, विधवा असेल तर पुसायचं. बाकी सगळं तेच. पंधरा वर्षांत तालुक्यातल्या साडेतीनशे-चारशे बायका त्या एकाच लुगड्यात भिंतीवर गेल्या.

माझी थोरली आत्यासुद्धा. आत्याचे हात चांगले जाडजूड, मऊ. फ्रेम घरी आली तेव्हा मी दहावीत होते. फ्रेममध्ये लांब हडकुळी बोटं आणि डाव्या हाताची करंगळी वाकडी. आई म्हणाली, "आवं, हे हात वन्सांचे न्हाईत." बाबा म्हणाले, "गप बस. तोंड आक्काचंच हाय न्हवं?" आणि हार घातला. पुढं दुरुस्तीला घरोघर फिरायला लागले, तशी मला सवयच लागली. केळघरला जावं, करहरला जावं, माजघरात भिंतीवर नजर टाकावी, तर तीच वाकडी करंगळी. चेहरा दरवेळी निराळा, हात तेच. खरं सांगते, भर दुपारीसुद्धा अंगावर काटा यायचा.

ते हात कुणाचे, हे मला सुलाबाईनं सांगितलं. चाचांची बायको अख्तरबी, तिचे. दोन हजार नऊ साली चाचांनी पहिला डिजिटल कॅमेरा घेतला आणि त्यांना बायकांसाठी एक अंग हवं होतं. "कोण बसंल गं?" सुलाबाई म्हणाली. "जित्या बाईच्या अंगावर मेलेलीचं तोंड लावायचं, कुणाची छाती व्हनार? सगळ्या बायका पळाल्या. अख्तरबी म्हनली, मी बसते, मला काय हुतंय. लुगडं माझं नेसली. डोरलं जत्रंतलं, खोटं." तिनं एकच अट घातली. फोटो काढला की त्याच दिवशी, तिच्या डोळ्यांदेखत, चेहरा पुसायचा. तिला फोटो आवडायचे नाहीत. माझं तोंड त्या डब्यात राहता कामा नये, म्हणाली. चाचांनी तिच्यासमोर कॉम्प्युटरवर चेहऱ्याच्या जागी पांढरा गोल केला आणि फोटो तसाच ठेवून दिला. दुसरी प्रत काढली नाही, कारण शब्द दिला होता.

दोन वर्षांनी अख्तरबी काविळीनं गेली. सुलाबाई अजून म्हणते, "लुगडं मी दिलं. माझ्याच हातनं झालं." मी तिला खूपदा झापलंय, काविळीचा आणि लुगड्याचा काय संबंध म्हणून. ती मान हलवते आणि दळण चाळत बसते.

मागं राहिली अर्शिया, तीन वर्षांची. तिला सांगलीला मावशीनं नेलं आणि तिथंच वाढवलं. चाचांच्या घरात भिंतीवर फोटो लावायची पद्धत नाही. लग्नाचा अल्बम होता तो सांगलीला, अख्तरबीच्या माहेरी, आणि दोन हजार पाचच्या पुरात त्या घरात छातीएवढं पाणी आठवडाभर उभं होतं. अल्बमचा लगदा झाला. मतदान कार्डावरच्या फोटोत तर नाक कुठलं आणि पदर कुठला कळत नव्हतं. अर्शिया दर सुट्टीला मेढ्याला यायची आणि विचारायची, "अब्बा, अम्मी कशी होती?" चाचांचं उत्तर ठरलेलं, "तुझ्यासारखी." पोरगी आरशात बघत बसायची. मी पाहिलंय ते.

दोन वर्षांपूर्वी चाचांचा जुना कॉम्प्युटर धाप टाकायला लागला म्हणून मी त्यांना नवा जोडून दिला आणि सगळा डेटा त्यात उतरवला. जुन्यावर त्यांची सगळी फोल्डरं नुसत्या नावांच्या यादीत उघडायची. बारा-तेरा वर्षं त्यांनी नावं वाचूनच काम केलं होतं. नव्यानं आपली अक्कल चालवली. फोटोंचं फोल्डर दिसलं की हा आपणहून छोटी छोटी चित्रं मांडून दाखवतो.

आठवड्यात फोन आला. "सृष्टी, ते 'मूळ' नावाचं फोल्डर हाय न्हवं, ते उघडलं की बारके बारके फोटू दिसत्यात. नगं ते. नावं दिसू दे नुसती."

गेले. व्ह्यूमध्ये जाऊन लिस्ट केलं, फोल्डर ऑप्शनमधून ते लागू केलं, ओके मारलं. दोन मिनिटांचं काम. तेवढा वेळ चाचा दाराशी उभे, पाठ माझ्याकडं. मी म्हटलं झालं. ते न वळताच म्हणाले, "बंद कर मग." मी फोल्डर बंद केलं तेव्हा ते आत आले.

दीड महिन्यात अपडेट आला आणि कॉम्प्युटर सगळं विसरला. विसरतोच तो. हजारभर फोल्डरं झाली की कुठलं कसं दाखवायचं हे त्याच्या लक्षात राहत नाही, आणि गिऱ्हाईक मात्र माझ्या नावानं शंख करतं. परत फोन. परत गेले. ह्यावेळी प्रॉपर्टीजमध्ये शिरून त्याला सांगितलं की बाबा रे, हे फोटोंचं फोल्डर नाहीच, साधं समज. चाचा तर दुकानातच थांबले नाहीत, सुलाबाईच्या गिरणीत जाऊन उभे राहिले. स्क्रीनवर रुमाल टाकलेला होता. खुर्ची भिंतीकडं वळवलेली. काम उरकून मी गिरणीत गेले आणि म्हटलं, "चाचा, जन्म फोटोत गेला तुमचा, आता फोटोंचा कसला कंटाळा?"

"तसं न्हाई पोरी. मला नावानंच बरं पडतंय." ओठ मात्र हलत होते. काहीतरी पुटपुटत होते मनात.

सुलाबाईनं मला बाजूला घेतलं. "हल्ली मयताचं काम आलं की माघारी धाडतोय गं. म्हनतो साताऱ्याला जावा. म्हाताऱ्याला कायतरी झालंय." मला वाटलं, वय झालं. म्हाताऱ्या माणसाला नवं यंत्र सोसत नाही, एवढंच मी त्यात वाचलं.

तिसरा फोन मे महिन्यात आला, ऐन लग्नसराईत. माझ्या दुकानात नऊ माणसं, कुणाचा प्रिंटर, कुणाचा लॅपटॉप, आणि हे आपले, "सृष्टी, परत दिसायला लागलंय. आता कायमचं कर." माझं पित्त खवळलं. गेले ती तणतणतच. म्हटलं, आता असं करते की पुन्हा बोलवायचं नावच नाही. सगळीकडची चित्रं एका झटक्यात बंद करता आली असती, पण लग्नाच्या ऑर्डरींना त्यांना ती लागायची. म्हणून त्या एकाच फोल्डरचा व्ह्यू परत पक्का केला. फोल्डर उघडायला वेळ लावत होतं, आत चार हजार जुने फोटो. म्हटलं हेही निस्तरून टाकू. माझ्याकडं एक प्रोग्रॅम आहे, फोटो हलके करणारा. कॅमेरा प्रत्येक फोटोत तारीख, मॉडेल, फ्लॅश असलं बरंच काही कोंबतो, ते सगळं फालतू म्हणून काढून टाकतो. तिथं टिक करायची असते. ती मी केली. चार हजार फोटो वीस मिनिटांत हलके झाले.

"झालं चाचा. कायमचं."

ते दारातून म्हणाले, "कायमचं म्हंजे, पुन्यांदा कवाच दिसनार न्हाई?"

"कधीच नाही. लिहून देऊ का?"

त्यांनी एक पाय आत टाकला आणि परत मागं घेतला. मग म्हणाले, "बरं." मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण माझ्या दुकानात नऊ माणसं होती.

ह्यावर्षी बकरी ईदच्या आधी चार दिवस चाचा स्वतः माझ्या दुकानात आले. कधी यायचे नाहीत, फोनच करायचे. स्टुलावर बसले. पाणी दिलं तर हातातच धरून ठेवलं.

"ते परत दिसंल आसं करशील का गं?"

मी भडकले. खोटं कशाला बोलू? म्हटलं, "चाचा, तीनदा लपवलं, आता दाखवा म्हणताय? माझी काय चेष्टा लावलीय? ठरवा तरी एकदा काय पाहिजे ते!"

ते रागावले नाहीत. ग्लास खाली ठेवला आणि हळूहळू सांगायला लागले. नव्या कॉम्प्युटरवर पहिल्यांदा ते फोल्डर उघडलं, तेव्हा त्या बारक्या चित्रांत अख्तरबी होती. हिरवं लुगडं, पदर, आणि पदराखाली तिचा चेहरा. अख्खा. कायतरी बोलायच्या बेतात असलेला. त्यांनी फोटो उघडला, तर पांढरा गोल. बंद केला, तर बारक्या चित्रात पुन्हा ती.

"ती चित्रं मीडियम केली की येती. मोठ्ठी केली की जाती. धा येळा केलं मी. धा येळा आली आन् धा येळा गेली."

मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"तिला शबूद दिला व्हता, तोंड ठेवनार न्हाई म्हनून. मला वाटलं जाब इचारायला आली. चारशे बायांना अंग दिलं तिचं, तिला इचारलं व्हतं का मी परत्येक येळंला? कुनाला सांगू? लोकं म्हनली आसती, म्हातारा चळला. म्हनून तुला म्हनलं, कायमचं बंद कर." त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "आता वर्स झालं. झोप न्हाई. ईदंला अर्शिया येतीय. सोळा वर्साची झाली, आयेचं तोंड आठवत न्हाई पोरीला. मी बघितलं आन् तिच्यापासनं लपवून ठेवलं. माझं काय व्हायचं ते हू दे, मी दावनार तिला. सोमवारपासनं मीडियम करून बसतोय. येतच न्हाई. रुसली वाटतं."

 भूत नव्हतंच तिथं. ह्या धंद्यातल्या कुणालाही ते एका मिनिटात कळलं असतं. कॅमेरा फोटो काढतो तेव्हा त्या फोटोच्या आतच त्याची एक टिकलीएवढी प्रत ठेवतो. जुन्या प्रोग्रॅममध्ये मोठा फोटो पुसला, तरी ती आतली प्रत तशीच राहून जायची. मीडियम आयकॉनला कॉम्प्युटर आळस करतो आणि ती तयार प्रतच दाखवतो. मोठं करायला सांगितलं की पुसलेल्या फोटोवरून नवीन चित्र बनवतो. अख्तरबी तेरा-चौदा वर्षं त्या फाइलीत बसली होती. आणि मी जे फालतू म्हणून काढून टाकलं होतं, चार हजार फोटोंतून, टिक करून, त्यातच ती गेली.

मी चाचांना काहीच सांगितलं नाही. दुकानाला कुलूप लावलं आणि त्यांच्याकडं गेले. फाइली परत मिळवायचे माझ्याकडं तीन प्रोग्रॅम आहेत, तिन्ही चालवले. नाही. जुनी हार्डडिस्क आठवली. ती मी स्वतःच फॉरमॅट करून एका हार्डवेअरवाल्याच्या सीसीटीव्हीला जोडली होती. पळत गेले, त्याच्या हातापाया पडून काढून आणली. दोन वर्षं त्या डिस्कवर त्याच्या दुकानात येणारी-जाणारी माणसं रेकॉर्ड होत होती, एकावर एक, पुन्हा पुन्हा. त्यातून सिमेंटची पोती उचलणारे हात सापडले. बाकी काही नाही.

तोवर संध्याकाळ झाली होती. चाचा नमाज पढून आले आणि माझं तोंड बघून समजले की काहीतरी आहे. मग मी सगळं सांगितलं. मी केलेल्या त्या टिकचंसुद्धा. वाटलं, शिव्या देतील, निदान हात तरी उगारतील. मी तयार होते.

ते म्हणाले, "म्हंजे ती व्हती?"

"होती चाचा."

"त्या डब्यात खरंच व्हती? मला येड न्हवतं लागलं?"

"नाही. खरीच होती. तुम्ही काढलेलाच फोटो होता."

ते खुर्चीत बसले.  मग म्हणाले, "बायकूला भ्यालो गं मी. ती एवढ्या वर्सांनी समोर आली आन् मी रुमाल टाकला तिच्यावर." आणि ते रडायला लागले, आवाज न करता, दाढी ओली होईपर्यंत. मला एक शब्दही वाईट बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

अर्शिया ईदच्या दुसऱ्या दिवशी आली. चाचांनी तिला स्वतः सगळं सांगितलं आणि मला बोलावून घेतलं. मी गेले तेव्हा पोरगी स्टुडिओत कॉम्प्युटरसमोर बसली होती. पडद्यावर तो फोटो मोठा करून लावलेला. हिरवं लुगडं, वाकडी करंगळी, पदराखाली पांढरा गोल. अर्शिया सडपातळ, सावळी, केस घट्ट बांधलेले. तिच्या करंगळीकडं माझी नजर गेलीच. सरळ होती.

ती म्हणाली, "अब्बा, तुम्ही म्हणता मी तिच्यासारखी. मग माझा चेहरा बसवा ना ह्याच्यावर. कळेल तरी मला."

चाचांनी तिच्या हातातला माऊस हिसकावून घेतला. "त्या अंगावर जित्या मानसाचं तोंड न्हाई बसवायचं!" इतक्या मोठ्यानं बोलताना मी त्यांना जन्मात ऐकलं नव्हतं. पलीकडं गिरणी बंद झाली आणि सुलाबाई दारात येऊन उभी राहिली.

अर्शिया दचकली, पण रडली नाही. म्हणाली, "मग सांगा तरी. नाक कसं होतं, डोळे कसे होते? नुसतं तुझ्यासारखी, तुझ्यासारखी." चाचा सांगायला गेले. दोनदा तोंड उघडलं. चारशे परक्या बायकांचे डोळे उघडलेला माणूस, त्याला एक नाक सांगता येईना. शेवटी म्हणाले, "तवाचं तोंड आता ध्यानात येत न्हाई. आन् डब्यात आली तवा भेवलो व्हतो गं. नीट बघितलंच न्हाई."

मग ती माझ्याकडं वळली. माझ्यावर राग असेल असं वाटलं होतं, तसं काही दिसलं नाही. डोळ्यांत आशाच होती.

"ताई, तुम्ही तीनदा येऊन ते फोल्डर उघडलं होतं ना? तेव्हा ती होती ना त्यात? म्हणजे तुम्ही तर घाबरला नव्हता. तुम्ही बघितलं असेल. कशी होती?"

तीनदा. तिन्ही वेळा ते फोल्डर माझ्यासमोर उघडं होतं, मीडियम आयकॉनमध्ये, सगळे फोटो ओळीनं मांडलेले, आणि त्यातली एक ती. माझी नजर सगळा वेळ वर होती, मेनूत. व्ह्यू कुठं आहे, ऑप्शन कुठं आहे, टिक कुठं करायची. काय दिसू नये हे ठरवायला मी गेले होते, आणि काय दिसतंय तिकडं मी एकदाही पाहिलं नव्हतं. "तुझ्यासारखीच गं" हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. तेच ऐकत ऐकत ती सोळा वर्षांची झाली होती.

"मी नाही बघितलं," मी म्हटलं.

"थोडंसंसुद्धा? आठवून बघा ना ताई."

ती वाट बघत राहिली. चाचा पण माझ्याच तोंडाकडं बघत होते.